उजेडाकडे पाठ करून

माझे यजमान सातपूरच्या एका कारखान्यात नोकरी करायचे आणि रविवारी फोटो काढायचे. त्यांना कुणी विचारलं तर मात्र ते आधी फोटोंबद्दल सांगायचे, नोकरीचं नंतर, तेही आठवलं तर. रविवारी सकाळी आम्ही गंगापूर धरणाकडे नाहीतर नांदूरमध्यमेश्वरला जायचो. ते पाणपक्ष्यांच्या मागे, मी थर्मास आणि डबा सांभाळत त्यांच्या मागे. मुलगी लहान होती तोवर तीही यायची आणि अर्ध्या तासात कंटाळायची.

मी शाळेत भूगोल शिकवायचे. सूर्य कसा सरकतो, सावली कधी लांब पडते, हे वर्षानुवर्षं फळ्यावर काढून दाखवलेलं. त्यामुळे उजेडातलं आपल्याला कळतं असा माझा समज होता. एका सकाळी धरणाच्या काठावर त्यांनी कॅमेरा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "आज तू माझा काढ." ते पाण्याकडे पाठ करून उभे राहिले. सूर्य नुकता वर आला होता, पाणी नुसतं चकाकत होतं. मी बटण दाबलं. पडद्यावर बघितलं तर पाणी सुंदर, डोंगर सुंदर आणि मध्ये एक काळा माणूस. नाक नाही, डोळे नाहीत.

"अहो, कोळसा झालाय तुमचा," मी म्हणाले.

ते इतके हसले की काठावरचे बगळे उडाले. मग माझ्याशेजारी येऊन त्यांनी समजावलं. "कॅमेरा भित्रा असतो गं. समोर एवढा उजेड दिसला की तो डोळे बारीक करतो. मग पुढे उभा असलेला माणूस त्याला दिसतच नाही. त्याला सांगावं लागतं, बाबा रे, तू पाण्याकडे बघू नकोस, या माणसाकडे बघ." त्यांनी एक चकती फिरवून एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यानं आत घ्यायचा उजेड, प्लसमध्ये नेलं आणि परत जाऊन उभे राहिले. या वेळी चेहरा आला. भुवया, चष्मा, गालावरची खळी, सगळं. पण मागचं पाणी पांढरं फटक पडलं होतं, कागद फाटावा तसं.

"आणि पाणी कुठं गेलं?"

"दोन्ही मिळत नाही. एकतर पाणी ठेव, नाहीतर मला ठेव."

"मग पाणीच ठेवते," मी म्हणाले. आम्ही दोघंही हसलो. तेव्हा असं बोलायला काही वाटत नव्हतं.

त्यांना सुपारीची सवय होती. तंबाखू नव्हे, नुसती सुपारी, म्हणून घरात कुणी फारसं मनावर घेतलं नाही. आधी तोंड पूर्ण उघडेनासं झालं. पाणीपुरी खाताना पुरी फोडून खायला लागले, त्यावरून मुलीनं त्यांची चेष्टाही केली. मग डाव्या गालाच्या आत एक चट्टा आला आणि तो गेला नाही. तुकडा काढून तपासायला दिला. डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावलं, दार लावून घेतलं, तेव्हाच मला कळलं.

ऑपरेशन झालं. डावीकडचा जबडा काढला, छातीचं मांस घेऊन गाल शिवला. पुढे किरणांचे शेक दिले. काही महिन्यांपूर्वी ज्या माणसानं मुलीच्या लग्नाच्या वाढदिवसाला सगळ्यांना गाणी म्हणायला लावली होती, तो माणूस घरी आला तेव्हा त्याचा आवाज घशातून कुठूनतरी लांबून यायचा. ओठ नीट मिटत नव्हते. त्यामुळे प, ब, म ही अक्षरं गेली. स्वतःच्या मुलीशी फोनवर "मी बाबा बोलतोय" हे एवढं वाक्य त्यांना म्हणता येईना. डाव्या बाजूची नस गेली होती, तो डोळा पूर्ण मिटायचा नाही. उन्हाकडे तोंड केलं की नुसतं पाणी वाहायचं.

घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी बेसिनवरचा आरसा काढला. स्वतः स्क्रू ड्रायव्हर घेऊन. मी माझी वेणी तेव्हापासून आरशाशिवाय घालते, आता सवयच झाली आहे.

आमचा फ्लॅट सिडकोत, पहिल्या मजल्यावर. हॉलला पूर्वेची मोठी खिडकी आहे. आरसा काढला त्याच सुमाराला त्यांनी आपली खुर्ची सोफ्याजवळून उचलून त्या खिडकीत ठेवली, खिडकीकडे पाठ करून. मला वाटलं, पाठीला ऊन लागतं, बरं वाटत असेल. भेटायला माणसं यायची. नातेवाईक, कारखान्यातले जुने लोक, शेजारचे. समोरच्या सोफ्यावर बसायची आणि डोळे बारीक करून त्यांच्याकडे बघायची. मी चहा घेऊन आत-बाहेर करायचे. संध्याकाळी कुणी आलं तर मात्र ते आत जाऊन पडायचे, झोपलेत म्हणून सांगायला लावायचे. मला हे फार दिवस कळलं नाही. एकदा त्यांची चुलतबहीण सटाण्याहून आली होती. निघताना दारात चप्पल घालता घालता मला म्हणाली, "वहिनी, दादाचं तोंड काही नीट दिसलं नाही गं मला. फार चमकत होतं मागून."

ती गेल्यावर मी सोफ्यावर, ती बसली होती तिथंच बसले. समोर माझा नवरा. पाठीमागे सकाळचं ऊन, खिडकीचे गज, आणि मध्ये एक काळा आकार. नाक नाही, डोळे नाहीत, गाल नाही.

त्यांनी जागा शोधून काढली होती. आयुष्यभर उजेड कुठून येतो ते बघत आलेला माणूस. लोकांना आपण दिसू नये म्हणून कुठं बसायचं, हे त्यांना बरोब्बर ठाऊक होतं.

मी तिथं रडले असते तर त्यांना दिसलं असतं, कारण उजेड माझ्या तोंडावर होता. मी उठून भाजी निवडायला घेतली.

कॅमेरा कपाटात पडून होता. मी तो बाहेर काढला यामागे काही मोठा विचार नव्हता. खिडकीच्या गजावर एक बुलबुल यायचा, तो आला होता, आणि मला वाटलं, यांच्यासाठी काढावा. मी त्यांच्या खांद्यावरून खिडकीकडे कॅमेरा रोखला. बुलबुलाचा कोळसा झाला. पुन्हा काढला, पुन्हा कोळसा. ते शेजारून बघत होते. तिसऱ्यांदा मी कॅमेरा वर केला तेव्हा त्यांना राहवलं नाही. त्यांनी खुर्चीच्या हातावर बोटानं टकटक केलं आणि एक बोट वर केलं.

"काय?"

"ल्लस," ते म्हणाले. प्लस. मग चिडून बोट आणखी वर केलं.

मी चकती फिरवली. आकाश पांढरं झालं आणि बुलबुलाच्या शेपटीखालचा लाल डाग दिसला. त्यांनी पडदा बघितला, मान हलवली आणि बोट थोडं खाली आणलं. जास्त झालं होतं. ऑपरेशननंतर पहिल्यांदा ते कुठल्यातरी गोष्टीबद्दल असमाधानी होते, म्हणजे दुखण्याखेरीज. मला इतकं बरं वाटलं.

त्या दिवसापासून ते मला शिकवायला लागले. बोट वर म्हणजे प्लस, बोट खाली म्हणजे मायनस, मूठ म्हणजे थांब. दोरीवरच्या साड्यांमागून येणारं ऊन, तुळशीचं पान, कुकरची वाफ. उजेड मागे असला की वाफ दिसते, समोर असला की दिसत नाही, हे मला त्यांच्यामुळे कळलं. मी काढलेले फोटो ते दुपारी कॉम्प्युटरवर बघायचे. काळ्या पडलेल्या फोटोत सावल्या उचलून, म्हणजे उजळून, दाखवायचे. अंधारात थोडंफार राहिलेलं असतं, दाणे-दाणे येतात पण माणूस ओळखू येतो. पांढरं पडलेलं मात्र परत येत नाही. तिथं काही नोंदलंच गेलेलं नसतं. हे त्यांनी मला बोलून सांगितलं नाही, कारण बोलणं फार कष्टाचं होतं. पांढऱ्या जागेवर बाण नेऊन सगळी बटणं इकडून तिकडे सरकवून दाखवली, आणि काहीच बदललं नाही हे मला बघू दिलं.

त्यांचेही फोटो मी काढले. पण एका अटीवर. उजेड मागे, एक्स्पोजर मायनसमध्ये, चेहरा पूर्ण काळा. खिडकीत बसलेले, कपाळाला हात लावलेले, पेपर धरलेले. फोटो म्हणून ते चांगले आहेत. मुलगी म्हणायची, आई, तू प्रदर्शन भरव. मी तिला अट सांगितली नव्हती.

उन्हाळ्याच्या तोंडाला ते जरा बरे होते. एका दुपारी स्वतःहून म्हणाले, गाडी काढ. मी चालवायला बसले, ते शेजारी, तोंडाला पांढरा रुमाल बांधून. आग्रा रोडनं चांदवडकडे गेलो. गावाच्या अलीकडे एक फाटा आत जातो, तिथं वळायला त्यांनी खूण केली. शेतात कांदा काढणी चालली होती. बायका ओळीनं बसून विळ्यानं पात कापत होत्या, कांद्यांचे ढीग पडलेले, आणि मावळतीचं ऊन थेट समोरून येत होतं. पातीचा फुफाटा हवेत उडत होता आणि त्याचा कण न् कण पेटल्यासारखा दिसत होता. ते गाडीतून उतरले. किती दिवसांनी ते असे भराभर चालले.

बांधाजवळ एक म्हातारी पात कापत बसली होती. तिनं हात थांबवला, त्यांच्याकडे बघितलं आणि सरळ विचारलं, "बाबा, तोंडाला काय झालं?"

आमच्याकडे भेटायला येणाऱ्यांपैकी कुणीही हे विचारलं नव्हतं. सगळे तब्येत कशी आहे विचारायचे. मी पुढे होऊन काहीतरी सांगणार होते, दात काढलाय वगैरे. त्यांनी मला हातानं थांबवलं आणि रुमाल सोडला.

म्हातारीनं नीट बघितलं. घाईनं नजर फिरवली नाही, हाय हायही केलं नाही. "लय कापलं रं," ती म्हणाली. "जेवाया येतं का?"

त्यांनी हातानं पातळ-पातळ अशी खूण केली.

"आंबील पीत जा मंग. माझा भाऊ बी असाच होता. चार वरसं काढली त्यानं आंबिलीवर." आणि ती परत कामाला लागली.

ते तिथंच उभे राहिले, रुमाल हातात. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "काढ."

मला वाटलं बायकांचा, फुफाट्याचा. मी कॅमेरा तिकडे केला. त्यांनी नाही म्हणून मान हलवली आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

उन्हाकडे तोंड करून त्यांना उभं करणं शक्यच नव्हतं, त्या डोळ्याला सोसलं नसतं. म्हणजे पाठ उन्हाकडे. चेहरा सावलीत. नेहमीसारखं मायनस केलं तर मला काही अडचण नव्हती. मी विचारलं, "काळाच ना?" त्यांनी बोट वर केलं.

मी प्लस केलं. काढला. दाखवला. बोट अजून वर. त्यांना आठवलं, गाडीच्या पुढच्या काचेला ऊन लागू नये म्हणून लावतो तो चंदेरी पडदा आहे. तो त्यांनी स्वतः आणला आणि म्हातारीपुढे धरला. तिनं तो हातात घेतला, उलटा-सुलटा केला. "काय करू याचं?" मी तिला सांगितलं, मावशी, ऊन यांच्या तोंडावर फिरवा, आरशानं फिरवतो तसं, पण हळू. तिनं विळा बाजूला ठेवला, उठली आणि तो पडदा छातीशी धरून उभी राहिली. तिनं तो वाकडा केला आणि ऊन परतून त्यांच्या चेहऱ्यावर आलं. मऊ, पिवळसर. शिवण दिसली, छातीच्या कातडीचा वेगळा रंग दिसला, आत गेलेला गाल, ओढलेला ओठ, अर्धवट डोळा. इतके महिने मी त्यांना रोज भरवत होते, पुसत होते, आणि तरीही इतक्या उजेडात इतकं थांबून बघितलं नव्हतं.

मागचं आकाश कॅमेऱ्याच्या पडद्यावर पांढरं पडत चाललं होतं. ते केशरी आकाश, चांदवडच्या डोंगराची कड, सगळं पुसलं जात होतं. मी म्हणाले, "अहो, आकाश जातंय."

"आकाश जाऊ दे," ते म्हणाले.

या शब्दांत ओठ मिटावे लागत नाहीत. त्यामुळे ते अगदी स्वच्छ आले, जुन्या आवाजात. मी कॅमेऱ्यामागून ऐकलं आणि बटण दाबलं.

त्या संध्याकाळी मी तो फोटो मुलीला पाठवला. ती पुण्याला असते. तिनं नुसता एक लाल बदाम पाठवला.

पावसाळ्यात दुखणं परत आलं, या वेळी मानेत. नंतरच्या दिवसांबद्दल मी लिहिणार नाही. दिवाळीच्या आधी ते गेले, दुपारी, घरीच. मुलगी वेळेत पोचली एवढंच.

तेराव्याला हॉलमध्ये पाट मांडला, त्यावर फोटो ठेवायचा होता. मुलगी म्हणाली, आई, फोटोचं माझ्याकडे दे, तू त्यात पडू नकोस. मी खरंच कशातच पडण्याच्या अवस्थेत नव्हते. सकाळी आंघोळ करून बाहेर आले तर फोटो आला होता. मोठा, चांगल्या चौकटीत, हार घातलेला.

शर्ट तोच होता. उभं राहणं तेच, मान किंचित डावीकडे कललेली, चांदवडच्या वाटेवरची. पण जबडा भरलेला होता. दोन्ही गाल सारखे. ओठ सरळ मिटलेले. डावा डोळा उजव्याएवढा उघडा. आणि पाठीमागे निळं आकाश, त्यात दोन पांढरे ढग. तिच्या ऑफिसातल्या कुणीतरी कॉम्प्युटरकडून करून घेतलं होतं, आता सगळेच करून घेतात.

ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली. तिचे डोळे सुजलेले होते. "छान दिसतायत ना बाबा?" तिनं विचारलं. "आधीसारखे."

आधीसारखे ते नव्हते. आधी त्यांच्या उजव्या गालावर खळी पडायची, भुवई तुटकी होती. हा कुणीतरी तिसराच मनुष्य होता, आधीचाही नाही आणि नंतरचाही नाही, माझ्या नवऱ्याचा शर्ट घालून उभा. पण माझ्या लेकीनं हे बापावरच्या मायेपोटी केलं होतं. लोकांनी तिच्या बाबांकडे बघून तोंड फिरवू नये म्हणून. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "हो. छान दिसतायत." लोक आले, वाकून नमस्कार करत गेले. ऑपरेशननंतर इतके लोक त्यांच्या तोंडाकडे पहिल्यांदाच सरळ बघत होते.

ती परत गेल्यावर मी मूळ फोटो कॉलेज रोडवरच्या एका स्टुडिओत छापायला दिला. तिथल्या बाईंनी विचारलं, मागे फार उडालंय, काही भरू का? मी नको म्हणाले. घरी आणून तो मी माझ्या टेबलावर ठेवला, जिथं मी कुणाला नेत नाही.

मुलगी संक्रांतीला आली. माझा चार्जर शोधत त्या खोलीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी आत गेले तर ती फोटो हातात धरून पलंगावर बसलेली. मला वाटलं, विचारेल, हॉलमधला फोटो आवडला नव्हता तर तू मला तेव्हाच का नाही सांगितलंस. ते तिनं विचारलं नाही.

"आई, बाबा हसतायत इथं," ती म्हणाली.

मी बघितलं. ओठाचा तो कोपरा वर गेलेला होता, बघणाऱ्याला हसल्यासारखंच दिसावं. मी गप्प राहिले असते तर तिला ते हसू जन्मभर पुरलं असतं. पण एका खोट्या चेहऱ्यापुढे मी रोज दिवा लावत होते, दुसरा खोटा चेहरा मला नको होता.

"ते टाक्यांनी ओढलंय, बाळा. दुखत असलं तरी तसंच दिसायचं."

"तेव्हा दुखत होतं?"

"हो."

ती फोटोकडे बघत राहिली. बोटानं तिनं ती शिवण कानापासून हनुवटीपर्यंत गिरवली, एकदा, दोनदा. ते असताना तिनं त्या गालाला कधी हात लावला नव्हता. त्यांनी लावू दिलाच नसता. मग ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून लहान असताना रडायची तशी रडली, मोठ्यानं, तोंड उघडं टाकून, आणि मी तिला थांबवलं नाही.

दुसऱ्या दिवशी निघताना तिनं हॉलमधल्या फोटोकडे बघून विचारलं, "हा काढून टाकू का?"

मी म्हणाले, "राहू दे." तो तिनं रडत रडत करून आणलेला होता. आणि तो काढला तर तिथं दुसरा लावावा लागला असता, आणि त्यांचा तो चेहरा हॉलमध्ये सगळ्यांसाठी टांगायला माझं मन होत नाही.

म्हणून तो तिथंच आहे. येणारे त्याच्याकडे बघून हात जोडतात, किती प्रसन्न चेहरा म्हणतात. त्या वेळात मी चहा टाकायला स्वयंपाकघरात निघून जाते.